पुण्यात बिऱ्हाड थाटताना: महाग कुठे घ्यायचं, स्वस्त कुठे चालतं

नोकरीसाठी पुण्यात आलेली मंडळी भाड्याचं घर घेतात आणि पहिल्याच शनिवार-रविवारी घर भरायला बाहेर पडतात. काहीजण मॉलमध्ये जाऊन सगळं ‘चांगल्यातलं’ घेतात आणि पगार तिथेच संपतो. काहीजण तुळशीबागेच्या बाजारात सगळं स्वस्तातलं उचलतात आणि दिवाळीपर्यंत त्यातलं निम्मं पुन्हा घ्यावं लागतं. अडचण दोघांची एकच. किती खर्चायचं हे त्यांनी सगळ्या घरासाठी मिळून एकदाच ठरवलेलं असतं. खरं तर ते प्रत्येक वस्तूसाठी वेगळं ठरवावं लागतं.

वस्तू हातात घेतली की तीन गोष्टी विचारा. ही बिघडली तर कुणाला भाजेल, शॉक लागेल, डोकं फुटेल असं आहे का? यातला झिजणारा भाग सुटा मिळतो का? आणि वरचे पैसे नेमके कशाचे आहेत: धातूचे, मोटरचे, की रंगाचे आणि खोक्याचे? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर घासाघीस बाजूला ठेवून प्रमाणित वस्तूच घ्यायची. बाकी दोन प्रश्नांवर मात्र पैसे वाचतात, आणि बरेच वाचतात.

आधी पाणी बघा

नव्या माणसाला पुण्यात सगळ्यात महाग पडणारी पहिली खरेदी बहुधा वॉटर प्युरिफायरची असते, आणि बऱ्याचदा ती चुकीची असते. म्हणून घरमालकाला किंवा सोसायटीच्या वॉचमनला आधी विचारा: पाणी कॉर्पोरेशनचं, बोअरचं की टँकरचं? पेठा, कोथरूड, सहकारनगर अशा जुन्या भागांत महापालिकेचं पाणी येतं. ते खडकवासला साखळीतल्या धरणांचं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं. पिंपरी-चिंचवडला पवनेचं येतं. दोन्ही पाणी गोडं. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांत मात्र अनेक सोसायट्या वर्षातले बरेच महिने बोअर आणि टँकरवर चालतात. ते पाणी जड असतं.

दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या आणि तीन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकदा सकाळी आणि एकदा रात्री, नळाचं पाणी मोजा. एकदाच मोजू नका, कारण काही सोसायट्यांत सकाळी कॉर्पोरेशनचं आणि दुपारनंतर टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या बराच खाली असेल तर आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारा प्युरिफायर, नको. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील किरण) आणि यूएफ (बारीक गाळणी) असलेला साधा प्युरिफायर पुरतो, आणि त्याचा वर्षाचा फिल्टर बदलण्याचा खर्चही कमी येतो. आरओ एक लिटर प्यायला देतो तेव्हा सहसा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. विक्रेता हे सांगणार नाही. तो दोन ग्लासांत विजेच्या तारा बुडवून पाणी तपकिरी करून दाखवेल. तो गाळ पाण्यातला नसतो, तारेच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. असा प्रयोग सुरू झाला की दुकानातून निघालेलं बरं.

दोन गोष्टी विसरू नका. टीडीएस मीटरला जंतू कळत नाहीत, त्यामुळे आकडा कमी आहे म्हणून पाणी थेट पिऊ नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ आलं की यूव्हीचा किरण गाळातून आरपार जात नाही. अशा दिवसांत आधी लावलेला गाळाचा फिल्टर बदला किंवा सरळ पाणी उकळा. फिल्टर वर्षातून एकदा बदलायचा असं कागदावर लिहिलेलं असलं तरी पुण्यात तो पावसाळ्यानंतर लगेच बदलावा.

आकडा ५०० च्या वर गेला तर आरओ घ्या आणि त्यात कंजुसी करू नका. मात्र पैसे टाकीच्या रंगाला आणि डिजिटल पडद्याला देऊ नका. तुमच्या भागात सर्व्हिसचा माणूस किती दिवसांत येतो आणि मेम्ब्रेन, म्हणजे आरओची मुख्य गाळणी, केवढ्याला बदलून देतो, त्याला द्या.

जड पाण्याची खूण मीटरशिवायही कळते. बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही कच्ची राहते. डाळीला दोष देऊन महागडी डाळ आणण्याआधी एकदा प्यायच्या पाण्यात शिजवून बघा.

कुकर: इथे किंमत आणि सुरक्षितता वेगळ्या असतात

प्रेशर कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, मानक आयएस २३४७. मार्क नसलेला कुकर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. एकदा मार्क आहे म्हटल्यावर साधा ॲल्युमिनियम, काळा हार्ड ॲनोडाइज्ड आणि स्टील यांत सुरक्षिततेचा फरक राहत नाही. फरक उरतो तो अन्न भांड्याच्या कडेला लागतं की नाही याचा.

मराठी घरात कुकर लावायचा म्हणजे आत दोन डबे: खाली वरण, वर भात. अन्न डब्यात असतं, कुकरला लागतं ते फक्त तळाचं पाणी. अशा वापराला हार्ड ॲनोडाइज्डचे जास्तीचे पैसे वाया जातात. साधा ५ लिटरचा ॲल्युमिनियमचा घ्या. दोन माणसांना ३ लिटर पुरतो असं दुकानदार सांगेल, ते खिचडीपुरतं खरं आहे. दोन डबे एकावर एक बसवायचे तर उंची ५ लिटरवाल्यालाच असते. डबे आत ठेवून, झाकण लावून बघा आणि मगच पैसे द्या.

तुम्ही थेट कुकरमध्येच फोडणी घालून चिंच-कोकमाची आमटी, रस्सा, मसालेभात करणार असाल तर गोष्ट वेगळी. साध्या ॲल्युमिनियमवर आंबटाचा परिणाम होतो, कड काळी पडते, चवही बदलते. तिथे ३ लिटरचा हार्ड ॲनोडाइज्ड किंवा जाड सँडविच बुडाचा स्टीलचा कुकर घ्या. पातळ बुडाच्या स्टीलच्या कुकरला मात्र हात लावू नका, मसालेभात हमखास लागतो.

पहिल्यांदा वापरताना आत फक्त दोन पेले पाणी घालून मोठ्या आचेवर ठेवा. वाफ मधल्या नळीतून जोरात यायला लागली की शिट्टी बसवा. कडेने वाफ आली तर रिंग नीट बसलेली नाही किंवा झाकणाचा काठ वाकडा आहे. रिंग काढून, पाण्याने ओली करून पुन्हा लावा. तरीही वाफ आली तर त्याच दिवशी कुकर परत न्या. पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकली की बूड काळं पडत नाही. थेट कुकरमध्ये शिजवताना दोन तृतीयांशाच्या वर भरू नका आणि डाळ, तांदूळ, हरभरा यांच्यासाठी अर्ध्यावरच थांबा. डाळीचा फेस वर चढून नळी बुजते आणि शिट्टी होत नाही. ‘शिट्टी बिघडली’ म्हणून जे कुकर दुरुस्तीला येतात त्यांत पुष्कळदा एवढंच झालेलं असतं. सुईने नळी साफ केली की काम झालं.

रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे दोन भाग मात्र त्याच कंपनीचेच घ्या. पाणी संपून कुकर कोरडा तापला की व्हॉल्व्हमधला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट करून देतो. फुटपाथवरचा ‘सगळ्या कुकरला बसतो’ असा व्हॉल्व्ह कधी वितळेल याची खात्री कुणीच देत नाही. इथे तीस-चाळीस रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

तवे, भांडी, सुरी

नॉनस्टिकचा महागडा तवा हा पैसे बुडवायचा सोपा मार्ग आहे. थर कोणत्याही कंपनीचा असो, तो झिजतोच. साधारण २६० अंशांच्या पुढे तो खराब व्हायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांतच तिथे पोचतो. डोसा-ऑम्लेटसाठी मध्यम किमतीचा घ्या, लाकडी उलथनं वापरा आणि थर निघायला लागला की टाकून द्या.

पोळी-भाकरीला लोखंडी तवा हवा. तो रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मंडईच्या आसपास स्वस्त मिळतो आणि जन्मभर टिकतो. पाहायचं एकच, ते म्हणजे जाडी. पत्रा पातळ असेल तर ज्वालेच्या वर पोळी जळते आणि कडेला कच्ची राहते. बोटाच्या नखाने टिचकी मारा, आवाज डब्यासारखा पोकळ आला तर दुसरा बघा. थालीपीठ, धिरडी, घावनाला बिडाचा तवा. तो पडला तर तडकतो, एवढंच जपायचं. नव्या तव्याला गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल किंवा मेण असतं. ते गरम पाणी आणि साबणाने घासून काढा, तवा गॅसवर कोरडा करा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. थंड झाला की पुन्हा. असं तीन-चारदा करा आणि शेवटी कांद्याच्या चकत्या काळ्या होईपर्यंत परता. तेल जास्त झालं तर चिकट थर बसतो आणि पहिलं धिरडं तव्यालाच राहतं.

स्टीलची भांडी पेठेतल्या बऱ्याच दुकानांत वजनावर मिळतात. लोक लोहचुंबक घेऊन जातात आणि चिकटला नाही की खूश होतात. हे अर्धवट ज्ञान आहे. चांगलं ३०४ प्रतीचं स्टील, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला लोहचुंबक जवळपास चिकटत नाही हे खरं. पण त्याहून स्वस्त, निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०२ लाही तो चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. भांड्यावरचा प्रतीचा शिक्का आणि बिलावर लिहून घेतलेला आकडा, हाच उपाय. उलट इंडक्शनवर वापरायचं असेल तर बुडाला चुंबक चिकटायलाच हवा, नाहीतर शेगडी भांडं ओळखतच नाही.

सगळं ३०४ कशाला? ताटं, वाट्या, पेले, कोरड्या धान्याचे डबे २०२ मध्ये चालतात. मीठ, ताक, लोणचं, चिंचेचं पाणी जिथे तासन्‌तास राहतं तिथे २०२ ला बारीक तांबूस ठिपके पडतात. त्या दोन-तीन भांड्यांपुरते जास्त पैसे द्या. लोणच्याला तर काचेची बरणीच घ्या, ती दोन्हींहून स्वस्त पडते.

तांब्या-पितळेचं हवं असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्याचं काम अजून होतं. ती भांडी महाग असतात आणि ते पैसे खरोखर धातूचे आणि हाताचे असतात. पण पितळेच्या पातेल्यात आंबट शिजवायचं तर आतून कल्हई लागते आणि वापरानुसार ती पुन्हा करून घ्यावी लागते. हा त्रास घेणार नसाल तर पाण्याच्या तांब्यावर थांबा.

सुरी स्वस्तच घ्या. महागड्या सुरीचं पोलाद कडक असतं, धार टिकते, पण नारळावर किंवा हाडावर मारली की टवका उडतो. साधी सुरी मऊ असते, लवकर बोथट होते आणि दोन मिनिटांत दगडावर तिला धार लागते. दोन बाजूंचा धार लावायचा दगड आणि चिरायचा लाकडी पाट एवढं घ्या. ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरणाऱ्याला कुठलीच सुरी पुरत नाही.

गॅसची शेगडी घेताना काचेच्या टॉपला पैसे देऊ नका. तो फक्त दिसायला छान, गरम असताना गार पाणी पडलं तर तडकतो. स्टीलचा टॉप, पितळी बर्नर, आयएसआय मार्क. नळी मात्र तारेची जाळी असलेली, गॅस एजन्सीकडचीच घ्या आणि तिच्यावर छापलेली मुदत बघा. सर्वसाधारणपणे ती पाच वर्षांनी बदलायची असते.

मिक्सर

वॅटच्या आकड्यावर जाऊ नका. दोन माणसांच्या चटणीला, दाण्याच्या कुटाला, वाटणाला ५०० वॅट पुरतात. इडली-डोशाचं पीठ दर आठवड्याला वाटणार असाल तर ७५० घ्या. खरी तपासणी भांड्याची आहे: भांडं बसवून हलवा, खडखडलं नाही पाहिजे. पातं हाताने फिरवा, ते वरखाली व्हायला नको. बुडाच्या बुशातून, म्हणजे पात्याचा दांडा जिथून जातो तिथून, पाणी गळायला लागलं की ते थेट मोटरीत उतरतं आणि तिथेच मिक्सर संपतो. म्हणून गळकं भांडं वापरत राहू नका. काळा कपलर, म्हणजे भांड्याखालची दातेरी चकती, झिजली की मोटर फिरते पण पातं फिरत नाही. ती चकती स्वस्तात मिळते. मिक्सर एकदम बंद पडला तर खाली लाल बटण असतं, दहा मिनिटं थांबून ते दाबा. सुकं खोबरं आणि दाणे सलग न फिरवता थांबत थांबत फिरवा. कुटाचं तेल सुटून लगदा होतो तोही त्यामुळेच टळतो.

सगळ्यात महाग मिक्सर घेण्यापेक्षा ज्याची भांडी आणि कपलर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे टांगलेले दिसतात तो घ्यावा.

वीज

पंखा घरमालकाचा असतो आणि बिल तुमचं. साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, सुमारे ३०. रोज १२ तास धरले तर दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त वाचतं. वर्षात २५० दिवस पंखा चालला तर १३५ युनिट. युनिट दहा रुपयांना पडतंय असं धरा, साडेतेराशे रुपये झाले. स्वतःच्या बिलातला वरचा स्लॅब बघून हा हिशेब पुन्हा करा. जी खोली रात्रभर वापरता तिथे महाग पंखा हळूहळू फिटतो आणि घर सोडताना काढून नेता येतो. मालकाचा जुना पंखा मात्र माळ्यावर जपून ठेवा, डिपॉझिटच्या वेळी तो आठवतोच. पाहुण्यांच्या खोलीत बीएलडीसी लावून काही मिळत नाही.

एक्स्टेन्शन बोर्डावर कंजुसी करू नका. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते आणि स्वस्त बोर्ड, त्याचा सॉकेट, त्याची बारीक वायर सगळं ६ अँपिअरच्या आतलं असतं. वायर मऊ पडते, प्लग तपकिरी होतो, मग वास येतो. मोबाइल-लॅपटॉपला साधा बोर्ड चालेल. शेगडी, इस्त्री, गीझर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. बोर्ड घ्यायचाच तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत १.५ चौरस मिलिमीटरची वायर असलेला मागा. वायरीवर तो आकडा छापलेला असतो, तो स्वतः वाचा.

हेल्मेट आणि पावसाळा

दुचाकीशिवाय पुण्यात अवघड, म्हणून हेल्मेट आलंच. मानक आयएस ४१५१, आणि २०२१ पासून मार्कशिवाय विक्रीला परवानगी नाही. हजार रुपयांचं प्रमाणित हेल्मेट आणि पाच हजारांचं हेल्मेट एकच किमान चाचणी पार करतात. वरचे पैसे हवा खेळण्याला, वजनाला, काचेच्या दर्जाला आणि आवाज कमी करण्याला जातात. रोज स्वारगेट ते हिंजवडी करणाऱ्याला ते पैसे वसूल होतात, भाजी आणायला जाणाऱ्याला नाही. माप जास्त महत्त्वाचं आहे. पट्टा न लावता घाला आणि डोकं जोरात हलवा. हेल्मेट मागे राहून डोकं आत फिरलं तर एक नंबर लहान घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो, ते बदला.

रेनकोट शिवणीत गळतो, कापडात नाही. उलटा करून बघा. प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असली पाहिजे, विशेषतः पँटच्या मध्यशिवणीवर, कारण गाडीवर बसलं की पाणी तिथेच साठतं. त्या पट्टीचे पैसे द्या. छत्री मात्र स्वस्तातली, कारण ती पीएमपीच्या बसमध्ये विसरणार आहे.

दुकानात गेल्यावर

पेठेत गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरा. तुळशीबाग, बोहरी आळी, लक्ष्मी रोड सगळं तिथून चालत आहे. दुपारी एक ते चार बंद असणारी दुकानं कमी झालीत, संपलेली नाहीत. सकाळी अकराला पोचलेलं चांगलं.

आयएसआय मार्क नुसता दिसून उपयोग नाही, तो छापणं कुणालाही जमतं. मार्कच्या वर आयएस क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घ्या आणि तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. कुकर आणि हेल्मेटच्या बाबतीत हे दुकानात उभं राहूनच करा. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

घासाघीस प्लॅस्टिक, बादल्या, डबे, चादरी यांत करा. तुळशीबागेत ती अपेक्षितच आहे. खोक्यातल्या विजेच्या वस्तूवर छापील किंमत ही करांसह कमाल किंमत असते, त्याच्या खालीच बोलणं सुरू करा. मात्र ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला हो म्हणू नका. मिक्सर, गीझर, प्युरिफायरची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि कार्डावर दुकानाचा शिक्का नसेल तर सर्व्हिस सेंटर हात वर करतं. बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिल क्रमांक, तारीख आणि वस्तूचा अनुक्रमांक विचारतात. तो अनुक्रमांक खोक्यावरही असतो, म्हणून खोकं निदान महिनाभर रद्दीत देऊ नका.